माइकमामांनी मागे घेतलेलं वाक्य

माइकमामांनी कोणत्याही खेळाडूला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली नाही. जत्रेतल्या कबड्डीच्या सामन्यांचं धावतं वर्णन ते करत, आणि मैदानात उतरलेल्या पोराला पहिल्या दोन चढायांतच नवं नाव मिळे. जागचा न हलणारा ‘खुंटा’, पंचांशी सारखा वाद घालणारा ‘वकील’. ती नावं गावात जाऊन चिकटत. मामांचं स्वतःचं नाव मात्र आम्हालाही आठवावं लागे. नांदेड-लातूरकडच्या आयोजकांचा पहिला फोन त्यांना जाई. मी शाळेत खेळ शिकवणारा मास्तर; बरीच वर्षं त्यांच्या शेजारी बसून गुण लिहीत आलो.

लातूरकडच्या एका खेड्यातलं काटकुळं पोरगं असंच एकदा चाकूरला खेळायला आलं होतं. दबा धरायचं आणि एकदम झेप घ्यायचं. मामांनी त्याला ‘बिबट्या’ म्हटलं. पुढं ते पोरगं देशाकडून खेळलं, टीव्हीवर झळकलं, आणि टीव्हीवाले साहेबलोकही त्याला बिबट्याच म्हणू लागले. हॉटेलात सामना लागला की मामा बाजूच्या माणसाला सांगत, “पोरगं देशाचं हाय, पण नाव आपलं हाय बरं का.”

मग एक दिवस बातमी आली. सराव शिबिरातल्या एका खेळाडू मुलीनं बिबट्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती, त्यानं जबरदस्ती केली म्हणून. मुलीचं नाव कुठं छापलं नव्हतं. पण ती मुदखेडची आहे हे कोणीतरी मोबाईलवर टाकलं, दुसऱ्यानं घर सांगितलं, तिसऱ्यानं शाळेतला फोटो शोधून काढला. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, बसमध्ये दुसरा विषय नव्हता. तिथं हजर असल्यासारखी माणसं बोलत. पैशासाठी केलं असेल, संघात घेतलं नाही म्हणून केलं असेल, लग्नाला नाही म्हणाला असेल.

आणि सगळे मामांना विचारत. त्याला नाव देणारा माणूस म्हणून. सुरुवातीला मामा म्हणत, “मला काय ठाऊक?” या उत्तरानं कोणाचं समाधान होत नसे, माणसं चहा मागवत आणि पुन्हा विचारत. हळूहळू मामा म्हणू लागले, “माझ्या डोळ्यासमोर खेळलेलं पोरगं हाय. तसलं न्हाई ते.” ऐकणारे खूश होत. मामांना माणसं खूश झालेली आवडत. तेवढ्यावर तर त्यांचं सगळं चाललेलं होतं.

त्या वर्षी चाकूरला सामने होते. दुपारी पुरुषांच्या एका सामन्यात बचावातल्या खेळाडूनं चढाई करणाऱ्याचा घोटा घट्ट धरला. मामा माइकवर म्हणाले, “हळू धर रं बाबा, उद्या पोलिसांत तक्रार व्हायची.” मैदान हसलं. गुणांच्या टेबलावर आम्हीही हसलो. हशा ओसरायच्या आत मामांनी पुढचं वाक्य टाकलं, “आजकाल मुदखेडचा वारा लई महाग पडून राहिला.” मग तर शिट्ट्याच सुटल्या.

पुढचा सामना मुलींचा होता. मुदखेडचा संघ मैदानाच्या कडेला बसून गुडघ्याला पट्ट्या बांधत होता. त्यातल्या एका मुलीचे हात थांबले. तिनं पट्ट्या सोडल्या, पिशवीत ठेवल्या आणि सरळ आमच्या टेबलाशी आली. अकरावी-बारावीतली असेल. आवाज चढवला नाही तिनं. “मामा, ती माझी बहीण हाय,” एवढंच म्हणाली.

माइक चालूच होता. मैदानभर ऐकू गेलं.

ती फाटकाबाहेर निघून गेली. संध्याकाळपर्यंत मामांनी फक्त गुण सांगितले. कोणाला नाव ठेवलं नाही. परत जाताना एसटीत ते मला म्हणाले, “मास्तर, ती मला मामा म्हणाली. सगळेच म्हणतात. पण तिनं म्हटल्यावर मला तोंड वर करता येईना.”

आठवडाभरात आम्ही मुदखेडला गेलो. दोघी बहिणींचे वडील रेल्वेत कामाला. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. आतल्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं. मामा बोलायला लागले तसं ते थांबलं. मामांनी हात जोडले. “चूक झाली माझी. माफी मागायला आलो.”

वडील म्हणाले, “जत्रेत बोललात आन् माफी घरात मागून राहिलात. दार लावून घेऊ का?”

आम्ही निघालो तेव्हाही आतलं मशीन बंदच होतं.

पुढचे सामने धर्माबादला होते. अंतिम सामन्याआधी मैदान खच्चून भरलेलं, पाहुणे मंचावर. मामांनी माइक घेतला आणि मला न सांगताच सुरू केलं. “चाकूरला मी एका लेकराबद्दल वंगाळ बोललो. त्या शिबिरात काय झालं मला ठाऊक न्हाई. तुम्हालाही न्हाई. ते कोर्ट बघंल. पण ठाऊक नसताना मी बोललो, तुम्हाला हसवलं. त्या लेकराची आन् तिच्या बहिणीची मी माफी मागतो.”

मैदानात आरडाओरड सुरू झाली. कोणी बिबट्याच्या नावानं घोषणा देऊ लागलं, कोणी विचारलं किती पैसे मिळाले. आयोजकांपैकी एकानं येऊन माइक काढून घेतला. “मामा, जत्रा हाय ही,” तो म्हणाला. अंतिम सामन्याचं वर्णन दुसऱ्यानंच केलं.

त्यानंतर मामांना बोलावणी आली नाहीत. ते लातूरला मुलाकडे राहायला गेले. मी भेटायला जाई. त्या माफीचं कौतुक करायला लागलो की ते हातानंच थांबवत. “मी माझ्यासाठी मागितली, मास्तर. झोप येईना म्हणून. तिला काय मिळालं त्यातून?” आणि दर वेळी एकच विचारत, “धाकटी खेळून राहिली का?”

बरेच दिवस मी टाळत होतो. शेवटी मुदखेडच्या शिक्षकांकडे चौकशी केली आणि मामांना खरं ते सांगितलं. चाकूरहून गेली त्यानंतर ती मैदानावर आलीच नाही. खेळायची चांगली, असं शिक्षक म्हणाले; आता नांदेडला नर्सिंगला आहे. मामांनी ऐकून घेतलं. चहा निवला तरी उचलला नाही. पुन्हा कधी त्यांनी तिचं विचारलं नाही, आणि वर्षभरात ते गेले.

खटला अजून चालू आहे. बिबट्या बाहेर आहे, टपरीवर अजून तर्क चालतात. मामांच्या शोकसभेला आलेल्या माणसांनी त्यांच्या आवाजाचं, त्यांनी ठेवलेल्या नावांचं भरभरून कौतुक केलं. माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी त्या धाकटीबद्दल सांगितलं. ती चांगली खेळायची, एवढंच. मामांनी तिला नाव ठेवायच्या आधीच ती निघून गेली होती.