कंपाउंडरचा चिमटा

अमरावतीच्या गुरांच्या दवाखान्यातला तो कंपाउंडर आधी बैलाशी बोले, मग मालकाशी. माझा बैल गाडीखाली सापडला आणि त्याचे मागचे पाय लुळे पडले, तेव्हा तो भातकुलीला आमच्या गोठ्यात आला. "माफ कर, राजा," म्हणत त्याने खुराच्या बेचक्यात लोखंडी चिमटा दाबला. पाय झटकन आखडला. मी हरखलो.

"थांबा भाऊ. पाय पाठीच्या कण्यानंच ओढला. डोक्याले खबर गेली असती तं यानं मान वळवली असती. खबर नाई गेली तं हा उठत नाई."

मग तो रोज दहा मैल सायकलने येई. रोज माफी, रोज चिमटा. अकरा दिवस मान हलली नाही.

मी म्हटले, "त्याले कळतच नाई, तं माफी कायले मागता?"

"अन् आजच कळलं तं?"

बाराव्या दिवशी चिमटा बसताच बैलाने मान वळवून शिंग उगारले. कंपाउंडरने चिमटा टाकला, खाली बसला आणि तोच खूर दोन्ही हातांनी चोळू लागला.

"दुखलं ना, राजा? दुखलं ना?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि हसत होता.