थैलीवर लिहिलेलं

मिस्येनं मूठभर भुकटी घेतली आणि माझ्या डोक्यावर ओतली.

सकाळची वेळ. सगळे कामगार अंगणात उभे. भुकटी केसांतून कपाळावर आली, कॉलरीच्या आत उतरली. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

"आता तू गोरा झालास," तो बेटावरच्या क्रेओल बोलीत म्हणाला. "आता वाच इंग्रजी."

लोक हसले. मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो. मला कुणी हसायला लावलं नव्हतं. माझं मीच हसलो, दात काढून.

मिस्ये म्हणजे साहेब. आमचा इंजिनियर. बेटावरच्या जुन्या गोऱ्या घराण्यातला. आम्ही स्वतंत्र होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, पण त्याच्यासमोर आमच्या माना आपोआप खाली जायच्या. बेटाच्या दक्षिणेला, सुरिनाम गावाच्या पुढं, समुद्राला लागून, हॉटेलाचं बांधकाम चाललं होतं. मी तिथं गुदाम सांभाळायचो. जन्म माझा सुरिनामचा, वाडवडील मराठी मुलखातून उसाच्या कामाला आणलेले, बाप ऊस तोडणारा. पण शिकायला मला व्हाकोआला, शहरात, काकांकडे ठेवलं होतं. काका सरकारी कचेरीत. तिथं मी इंग्रजी शिकलो, सुंदर अक्षर शिकलो, आणि सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावायला शिकलो.

भुकटी बोटीनं परदेशातून यायची, कागदी थैल्यांत. लोखंडाच्या भट्टीत जो मळ उरतो तो दळून केलेली. पांढुरकी, मैद्यासारखी मऊ. सिमेंट कमी करून त्याच्या जागी ही घालायची. खाऱ्या पाण्यात काँक्रीट जास्त टिकतं म्हणे. टिकत असेल. थैलीच्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरांत काही छापलं होतं. पहिला माल आला त्याच दिवशी मी ते वाचलं.

ही धूळ श्वासात घेऊ नका. डोळ्यांवर चष्मा घाला. ओल्या कातडीवर राहू देऊ नका. डोळ्यात गेली तर ताबडतोब स्वच्छ पाण्यानं धुवा, पुष्कळ वेळ धुवा, आणि डॉक्टरकडे जा.

मी ऑफिसात गेलो. चष्मे हवेत म्हणालो, तोंडाला बांधायचे मास्क हवेत, मिक्सरपाशी पाण्याचं पिंप हवं. फार नम्रपणे म्हणालो. मिस्ये उठला, मला अंगणात घेऊन आला, सगळ्यांना बोलावलं. पुढचं सांगितलंच.

त्या अपमानाचं मी पुष्कळ वर्षं भांडवल केलं. गोऱ्यानं माझ्यावर भुकटी ओतली, असं ज्याला त्याला सांगत हिंडलो. त्यानंतर काय झालं, ते सांगत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला एकट्याला बोलावलं. टेबलावर एक मास्क होता आणि एक चष्मा. बाजूनं बंद असतो तसला, कारखान्यातला.

"हा तुला. तू शिकलेला माणूस आहेस."

मी घेतला. मेर्सी म्हणालो. मान झुकवून आभार मानले.

मिक्सरपाशी चार बायका होत्या. थैली मांडीवर घ्यायची, कोयत्याच्या टोकानं फाडायची, मिक्सरच्या तोंडात रिकामी करायची. दिवसभर. आमच्या बाजूला समुद्राचा वारा कसा असतो ते आमच्याच लोकांना ठाऊक. वाळूसकट येतो. थैली फाडली की पांढरा लोट उठायचा आणि बायका त्यात दिसेनाशा व्हायच्या. मग खोकत बाहेर यायच्या. तोंडाला पदर, बस. बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. दुपारी भाताचा डबा उघडला की आधी वरचा पांढरा थर बाजूला करायच्या.

त्या चौघींत माझी वहिनी होती. थोरल्या भावाची बायको. तिला कामाला मीच लावलं होतं.

एकदा ती गुदामाच्या दाराशी आली. खोकत होती. "भावजी, ह्या थैलीवर काय लिवलंय?"

माझा मास्क गळ्यात लोंबत होता. चष्मा खिळ्याला.

"माल कुठून आला ते लिहिलंय," मी म्हणालो.

"एवढं मोठं?"

"पत्ता आहे, वहिनी."

ती गेली. तिनं विश्वास ठेवला. घरात शिकलेला मी एकटाच होतो.

मी असं का म्हणालो? काम जाईल म्हणून, असं आजवर स्वतःला सांगत आलो. पण ते पूर्ण खरं नाही. खरं सांगायचं म्हणजे, ते इंग्रजी माझं होतं. मिस्ये आणि मी, दोघांनाच वाचता येत होतं. त्यानं माझा कुत्रा केला तरी त्या एका गोष्टीत मी त्याच्या बाजूला उभा होतो. ती जागा मला सोडवत नव्हती.

स्लॅब ओतायचा दिवस. वारा जोरात. वहिनीनं थैली उचलली आणि थैली तळातून फुटली. सगळी भुकटी तोंडावर. चेहरा घामानं ओला, डोळे उघडे.

ती जी ओरडली ते मी गुदामात ऐकलं. धावत गेलो. मला माहीत होतं काय करायचं ते. त्या अख्ख्या साइटवर मला एकट्याला माहीत होतं. मिक्सरला पाणी सोडायची नळी मी उचलली, तिचं डोकं मागं केलं, डोळ्यावर पाणी सोडलं.

मिस्ये आला. "नळी ठेव तिकडे. काँक्रीट घट्ट होऊन बसेल."

"मिस्ये, डोळ्यात—"

"नंतर धुवेल ती. नळी दे."

मी नळी दिली.

हिसकावून घेतली असती तर निदान तसं म्हणता आलं असतं. त्यानं हातही लावला नव्हता. मी पुढं केली, आणि मिक्सरवाल्यानं घेतली. वहिनी खाली बसून पदरानं डोळा चोळत होती. चोळू नको, एवढंही मी म्हणालो नाही. साकू आणि तारा, तिच्याबरोबरच्या दोघी, पिण्याच्या पाण्याची बाटली घेऊन आल्या. अर्धी बाटली. गाडी यायला तासभर लागला.

इस्पितळात डॉक्टरनं मला विचारलं, "किती वेळ धुतला?"

"धुतला," मी म्हणालो.

"किती वेळ?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. डावा डोळा वाचला. उजव्यावर साय धरल्यासारखा पांढरा पडदा आला. तो कायमचा.

आठवड्यानं मिस्येनं कागद पुढं केला. कामगार कचेरीला अहवाल द्यायचा होता. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. कामगार स्त्रीला संरक्षक चष्मा देण्यात आला होता. तिनं निष्काळजीपणानं तो घातला नाही. खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

साइटवर चष्मा एकच होता. लिहिताना तो माझ्या समोर खिळ्याला लटकत होता. अक्षर मात्र माझं छान आलं होतं.

वहिनीच्या घरी मी दोन महिने गेलो नाही. गेलो तो रविवारी. भाऊ कांद्याच्या वाफ्यात होता. साकू आणि तारा आल्या होत्या, ओसरीवर बसून मसूर निवडत होत्या. मी बसलो. तब्येतीचं विचारलं. वहिनी आत गेली आणि एक रिकामी थैली घेऊन आली. बायका रिकाम्या थैल्या घरी न्यायच्या, कोंबड्यांच्या खुराड्यावर आडोसा करायला. तिनं ती झटकून माझ्या मांडीवर ठेवली.

"वाचा."

"वहिनी—"

"पत्ता हाय ना? वाचा की मग."

मी वाचलं. आमच्या भाषेत करून. धूळ श्वासात घेऊ नका. चष्मा घाला. डोळ्यात गेली तर ताबडतोब धुवा. पुष्कळ वेळ धुवा.

तारानं ताट खाली ठेवलं.

"हे तुम्हांला तवाबी वाचता येत होतं?" वहिनीनं विचारलं.

"हो."

"नळी धरली तवा?"

"हो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकाच डोळ्यानं. मी तिच्या पायांकडे वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

"मला नका माफी मागू. मला नको ती. ह्या दोघी उद्या परत तिथंच जाणार हायत. माझ्या जागी आता साकूची जाऊ हाय. त्यांना काय सांगणार ते सांगा."

त्या दिवशी मला कुणी चहा दिला नाही. बरं केलं.

सोमवारी सकाळी मी गुदाम उघडलं नाही. दारापुढं एक थैली ठेवली आणि लोक जमले तसं वाचायला लागलो. क्रेओलमध्ये, मग भोजपुरीत, मग मराठीत. प्रत्येक ओळ. आणि म्हणालो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी लपवलं. माझ्या वहिनीचा डोळा त्यात गेला.

एकजण माझ्या तोंडावर थुंकला. त्याची बायको त्या चौघींपैकी होती. मी पुसलं नाही.

मिस्ये आला. "किल्ली."

"चष्मे आणा. मास्क आणा. पाण्याचं पिंप आणा. मग किल्ली."

"किल्ली दे आणि चालता हो."

"चालता होतो. पण किल्ली पिंप आल्यावर."

त्यानं लोकांकडे पाहिलं. साकू मिक्सरपासून बाजूला झाली आणि जमिनीवर बसली. मग तारा. मग बाकीचे. मला वाचवायला नव्हते बसले ते, माझ्यावर तर सगळे चिडलेले होते. ते त्या थैलीसाठी बसले होते.

दोन दिवस मिक्सर बंद राहिला. तिसऱ्या दिवशी पिंप आलं, खोकाभर चष्मे आले. मी किल्ली साकूच्या हातात दिली आणि निघालो. पुन्हा त्या साइटवर मला कुणी घेतलं नाही.

तिथून मी राजधानीत, पोर्ट लुईला, कामगार कचेरीत गेलो. कारकुनाला माझा अहवाल काढायला लावला. म्हणालो, हे खोटं आहे. हे मी लिहिलं आहे.

तो म्हणाला, "ठपका तुमच्यावरही येईल."

"येऊ द्या. लिहा."

ठपका आला. मिस्येला समज मिळाली. माझं नाव काळ्या यादीत गेलं, काका माझ्याशी बोलेनासे झाले. वहिनीचा डोळा होता तसाच आहे. ती माझ्याशी बोलते, कामापुरतं. त्याहून जास्त मी मागत नाही.

आता बेटावर जिकडे तिकडे बांधकामं निघालीत. गुडलँड्सकडे कपड्यांचे कारखाने, किनाऱ्यानं हॉटेलं. मी सुतारकाम करतो. सुट्टीच्या दिवशी बस धरून नव्या साइटवर जातो. फाटकापाशी थैल्या उतरत असतात. आत येऊ देत नाहीत. मी रस्त्यावर उभा राहतो आणि थैलीवरचं मोठ्यानं वाचतो. पहारेकरी हाकलतो. मी चार पावलं मागं सरकतो आणि पुढची ओळ वाचतो.