दसऱ्याले बंद पडणारं घड्याळ

आमचे हे, हिरालाल मेश्राम, माणूस वाईट नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्याईच्यावर चिडणार आहे.

रेल्वेत घड्याळं दुरुस्त करायचं त्याईचं काम. कोणत्या स्टेशनाचं घड्याळ मागं पडलं की साहेब लोक मेश्रामले शोधत फिरायचे. मंग डिजिटल घड्याळं आली अन् ह्याईले टपालाच्या टेबलावर बसवलं. पगार तोच, पण घरी येऊन बोटं चोळत बसायचे. मले लय वाईट वाटे.

त्याच सुमाराले नवीन राज्य झालं, आमचं रायपूर राजधानी झालं अन् चौबे कॉलनीत एक ठेकेदार सेठजी राहायले आले. त्याईच्याजवळ वडिलांच्या वेळची निळी विलायती मोटार. वर्षभर शेडमध्ये झाकून ठेवायची, फक्त दसऱ्याले बाहेर काढायची. हार, कुंकू, नारळ, मंग कॉलनीत एक चक्कर. सेठजीचा नेम असा, की पूजेच्या वेळी गाडीतलं घड्याळ चालू पायजे. अन् ते मेलं नेमकं तेव्हाच बंद असे. कोणीतरी ह्याईचं नाव सांगितलं. ह्याईनं ते चालू करून दिलं, मंग दर दसऱ्याले बोलावणं येऊ लागलं अन् तिथंच आमची मान अडकली.

कारण आमी बौद्ध. दसऱ्याले आमची माणसं नागपूरले, दीक्षाभूमीवर. माझी आई वनमालाबाई तिकडंच राहते, डोळ्यानं अधू होत चाललेली. तिचं एकच मागणं, लेक-जावई जोडीनं या अन् माझा हात धरून एकदा तिथं न्या. मी एकटी तीनदा गेली. आई माझ्या मागून कोणी येते का म्हणून दाराकडं तोंड करून उभी राहायची. विचारायची, जावईबापू? अकरा वर्षं, कधी समोर तं कधी फोनवर, मी तिले एकच सांगितलं, की घड्याळ बंद पडलं.

बाराव्या साली दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळच्या गाडीची तिकिटं मीच काढली. हे म्हणे, घंटाभराचं काम आहे, तू थेट स्टेशनवर ये. मी कशाची ऐकते? पिशव्या उचलल्या अन् आमच्या गुढियारीतून ह्याईच्या मागोमाग बंगल्यावर गेली.

तिथं मी आपल्या नवऱ्याले पहिल्यांदा काम करताना पाहिलं. आधी छोटा बल्ब लावून घड्याळापर्यंत करंट येते का ते पाहिलं. मंग घड्याळ काढलं, उघडलं, आतली दोन काळी पडलेली टोकं पॉलिश कागदानं घासली, तुटलेल्या जागी कथलाचा डाग दिला, सुईच्या टोकावर घेऊन तेलाचा थेंब सोडला. टक झालं अन् काटा हलला. वीस मिनिटं लागली. रामकृष्ण ड्रायव्हर चहा घेऊन आला, सेठजी स्वतः खुर्ची घेऊन आले. म्हणाले, "मेश्राम बाबू, कल पूजा तक रुक जाना. बीच में बंद हो गई तो?"

अन् हे माझ्याकडं न पाहता मान हलवून मोकळे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सेठजी आत गेल्यावर मी इचारलं, हे दरवर्षी बंद काहून पडते? ह्याईनं मले नीट समजावलं, रंगात येऊन. ह्याच्या आत स्प्रिंग असते, तिले मिनिटा-दोन मिनिटाले बॅटरी धक्का मारते. गाडी उभी राहून राहून बॅटरी कमजोर होते, धक्का पुरत नाही, टोकं चिकटून बसतात, तापतात अन् डाग सुटते.

"मंग वायरीत बटन टाका नं. गाडी उभी असली की बंद ठेवतील."

हे कपातला चहा हलवत राहिले.

"तुमाले हे कधीपासून माहीत हाय?"

"पहिल्या सालापासून," हे म्हणाले. "बटन टाकलं तं मले कोण बोलावन, कलावती?"

मी पिशव्या तिथंच खाली ठेवल्या. नागपूरची गाडी गेली. दसरा झाल्यावर मी बाजारातून बटन आणलं, ह्याईच्या हातात ठेवलं अन् बंगल्यावर नेऊन समोर उभं राहून लावून घेतलं. रामकृष्णले सारं दाखवलं. ह्याईचं तोंड दिवसभर उतरलेलं होतं, पण मी पाहिलंच नाही असं केलं.

पुढच्या दसऱ्याले आमी नागपुरात. पांढरे कपडे, लाखाची गर्दी, मधात आई. एक हात माझ्या हातात, एक ह्याईच्या. बाई कधीची हसून राहिली होती. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात ह्याईचा फोन वाजला. रामकृष्ण. बटन वर करायचं की खाली, एवढंच इचारायचं होतं त्याले. ह्याईनं दुसरा कान झाकायले आईचा हात सोडला.

"ऊपर. अब कान लगाओ. आवाज आई?" मंग उगाच हसले अन् म्हणाले, "अगले साल मैं खुद आ जाऊँगा."

कोणी बोलावलंच नव्हतं.

आईचा हात हवेत चाचपडत होता. मी तोही धरला.

"जावईबापू आले नं?" तिनं इचारलं.

मी म्हटलं, हो आई, आले.