तुळशीला जोडलेली गिटार

असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या माळ्यावर जुन्या वायरी, संपलेले सेल आणि एक फाटका स्पीकर जसा साठत गेला, तसेच हेही साठले. एक ओढायला जावं, तर दुसरा त्याला गुंतलेला! माझा नवरा नंदू गिटार वाजवायचा. रॉक गिटार, तीही ऐंशीच्या दशकात, डोंबिवलीच्या बैठ्या चाळीत! दिवसभर ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायची आणि संध्याकाळी घरी येऊन आवाज करायचा. 'आवाज' हा शब्द माझ्या सासूबाईंचा.

मला संगीतातलं काही कळत नाही. मला काळजी करता येते. त्यात मात्र मी कोणाला हार जाणार नाही. त्यामुळे हे सांगताना मधेच माझी काळजी डोकावली, तर सांभाळून घ्या. आमची चिऊ आठ महिन्यांची झाली तरी हाकेला वळून बघत नव्हती. आणि ती पोटात असताना मी निम्म्या संध्याकाळी नंदूच्या अ‍ॅम्प्लिफायरवर बसून काढलेल्या. तेव्हा कुठलाही किस्सा निघाला, तरी माझं डोकं शेवटी तिथेच जाऊन अडकायचं.

*

आधी गिटार. दुकानातली परवडणारी नव्हती, म्हणून नंदूने ती कोपरीतल्या एका सुतारकाकांकडून करून घेतली. काकांनी जन्मभर दारं, खिडक्या आणि टीव्हीची कपाटं केलेली. नंदूने मासिकातला फोटो दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून तो नीट बघितला आणि विचारलं, "बिजागरी कुठल्या बाजूला येणार?"

लाकूड त्यांनी एका मोडीत निघालेल्या जुन्या दाराचं घातलं. अस्सल सागवान! त्या दाराच्या एका फळीवर 'शुभ' आणि दुसरीवर 'लाभ' कोरलेलं. 'शुभ'चा काकांनी आधीच पाट करून टाकलेला, म्हणून नंदूच्या वाट्याला 'लाभ' आला. कितीही रंधा मारला, तरी गिटारीच्या पाठीवर तो वाचता यायचाच. आणि वजन असं, की तीन गाणी झाली की नंदू खाली बसायचा.

"रॉकवाले उभ्याने वाजवतात ना?" लग्नानंतर मी भाबडेपणाने विचारलं.

"त्यांनी गळ्यात दार अडकवलेलं नसतं!"

*

तारांखाली पिकअप म्हणून एक चुंबक लागतो, त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ते नंदूने कारखान्यातच जेवणाच्या सुट्टीत, वाया गेलेल्या तारेतून गुंडाळले. तोंडाने आकडे मोजत, मान खाली घालून. सात हजार काहीतरी झालेले, तेवढ्यात फोरमन डोकावले.

"नंदू, चहा घेणार?"

"अर्धा," नंदू म्हणाला. आणि आकडा गेला!

मग अंदाजाने त्याने आणखी थोडे वेढे दिले. थोडे म्हणजे किती, ते त्यालाही माहीत नाही. "असा आवाज जगात दुसऱ्या कुठल्या गिटारीला नाही," तो छाती फुगवून सांगायचा.

"कसा असेल?" बाळ्या म्हणायचा. "दुसऱ्या कोणाला मधेच चहा विचारला नसेल!"

बाळ्या म्हणजे नंदूच्या ग्रुपचा ड्रमर. खाडीकडच्या आगरी गावातला, घरची भाताची शेती, आणि बोलण्यात हातोडी.

*

माझं माहेर कल्याणचं. लग्न ठरायच्या आधी आई-बाबांबरोबर मी नंदूचं घर बघायला गेलेले. माझी आई घर बघते म्हणजे स्वयंपाकघर बघते. ती सरळ आत गेली आणि गॅसवरच्या पातेल्यावरचं झाकण तिने उचललं.

आता, गिटारीच्या तारा महाग. वाजवून वाजवून त्यांच्यावर घाम-मळ बसला की त्यांचा आवाज मरतो. नवीन कुठून आणणार? म्हणून नंदू त्या पाण्यात उकळून, पुसून परत लावायचा. पातेल्यात नेमक्या त्याच खळखळत होत्या. सहा तारांचं वेटोळं!

आई थोडा वेळ आत बघत राहिली. मग सभ्यपणे म्हणाली, "शेवया करताय वाटतं?"

सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "हो," त्या म्हणाल्या, "जरा कडक आहेत, वेळ लागेल."

परतताना आई रिक्षात म्हणाली, "मुलाचं काही सांगता येत नाही. सासू मात्र चांगली आहे."

आईचं ते वाक्य मी नंतर कितीदा आठवलं असेल!

*

अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे नंदूने जुन्या वॉल्व्ह रेडिओच्या आतड्यांपासून बनवलेली एक लाकडी पेटी. चालू केली की वाजवायच्या आधीच ती घूंऽऽ करायची. सगळा दोष अर्थिंगचा. चाळीच्या वायरिंगमध्ये अर्थिंग नावाला. म्हणून नंदूने पेटीपासून एक वायर खिडकीतून अंगणात नेली आणि तांब्याची सळई तुळशीच्या ओट्याला लागून जमिनीत खोल ठोकली. माती ओली असली की घूं बंद. सुकली की घूं सुरू.

पुढे ही पद्धतच पडली. तालमीत घूं वाढलं की सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "काकूऽ, पाणी!" आणि सासूबाई हातातलं काम टाकून, तांब्या भरून तुळशीकडे निघायच्या. संध्याकाळी तीन-तीन वेळा!

शेजारच्या काकूंना हे काही बरं वाटेना. "अहो, तिन्हीसांजेला कसलं पाणी घालता तुळशीला?"

"काय करणार?" सासूबाई म्हणाल्या. "तुमची नुसती अंगणात असते. माझी नोकरी करते!"

*

गिटारीचा आवाज मुद्दाम फाडायला नंदूने एक सर्किट केलेलं आणि ते साबणाच्या डबीत बसवलेलं, वर पायाने दाबायचं बटण. गुलाबी डबी. आत अजून साबणाचा वास.

बाळ्याच्या चुलतभावाच्या हळदीला ग्रुपला बोलावणं आलं. नंदूने मांडवात जाऊन बटण दाबलं आणि पहिलाच सूर असा फाटका काढला, की बाळ्याचे काका नाचता नाचता थांबले.

"बाल्या, तुझ्या दोस्ताचे बाजाचा गला बसलाय रं! त्याला गरम पानी द्या कोनीतरी!"

खरंच पाण्याचा ग्लास आला. नंदूने निमूटपणे बटण बंद केलं आणि साध्या आवाजात हळदीची गाणी वाजवायला घेतली. थोड्या वेळाने नाचता नाचता काकांचाच पाय डबीवर पडला. आवाज फाटला आणि मांडव असा उसळला, की खांब हलले! काकांनी पाय उचलला. आवाज गुळगुळीत झाला, मांडव थंडावला. काकांनी पाय परत ठेवला.

त्यानंतर हळद संपेपर्यंत काका डबीवर उभे! कोणी जवळ आलं की, "आरं, लांब व्हा! ह्यो माजा बाजा हाय!"

*

मग चिऊची चाहूल लागली. खोलीत ड्रम, चार माणसं आणि एकच खुर्ची. तिच्यावर 'लाभ', म्हणजे नंदूची गिटार, ठेवलेली असायची. म्हणून मी पेटीवर बसायचे. खाली ते घूं आणि आत पोरगी लाथा मारतेय!

"वहिनी, टायमिंग बघा तिचं," बाळ्या म्हणायचा. "नंदूला शिकवेल!"

तेव्हा मीही हसायचे. ती झाली आणि माझं हसू गेलं. बाळाच्या कानांना त्रास नको म्हणून मीच पेटी माळ्यावर चढवायला लावली. पण महिने जायला लागले, तशी दुसरीच शंका मनात शिरली. हाक मारा, टाळी वाजवा, पाठीमागे ताट आपटा, चिऊ आपली पंख्याकडे बघून हसतेय.

एक दिवस बाळ्या म्हणाला, "वहिनी, ताटानं काय होतंय? थांबा." आणि ड्रमच्या दोन झांजा घेऊन आला. चिऊ झोपलेली. त्याने तिच्या पाळण्यापासून दोन हातांवर झांजा अशा आपटल्या, की चाळीतली तीन मुलं उठून रडायला लागली. पलीकडचे आजोबा हातात चप्पल घेऊन बाहेर आले.

चिऊने फक्त कूस बदलली.

"गाढ झोप आहे," बाळ्या म्हणाला. त्याने ते माझ्याकडे न बघता म्हटलं. बाळ्याला विनोद सुचला नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होते.

डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात मोठ्या हॉस्पिटलमध्ये कानांची तपासणी करून घेऊ. मी घरी आले आणि नंदूला म्हटलं, "ती पेटी मला घरात नको. माळ्यावरसुद्धा नको." तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं "बरं" म्हणाला.

*

पेटीला गिऱ्हाईक आंबिवलीहून आलं, रविवारी दुपारी. ऑर्केस्ट्रावाले एक गृहस्थ. मे महिना, अंगणातली माती भेगाळलेली. नंदूने पेटी खाली काढली, फडक्याने पुसली, जरा जास्तच वेळ पुसली. वायर खिडकीतून बाहेर नेऊन सळईला जोडली. 'लाभ' मांडीवर घेतली आणि पेटीचं बटण दाबलं.

घूंऽऽऽ.

"अहो, हा घूंचा हम केवढा येतोय," गृहस्थ म्हणाले.

"थांबा हं," म्हणत सासूबाई सवयीने उठल्या आणि तांब्या भरून बाहेर गेल्या.

चिऊ माझ्या मांडीवर चमचा चघळत होती. पेटी चालू झाल्यावर तिने चमचा तोंडातून काढला, तो मी परत तिच्या हातात दिला, एवढंच. माझं सगळं लक्ष त्या गृहस्थांच्या चेहऱ्याकडे, घेतायत की नाही.

बाहेर मातीवर पाणी पडल्याचा आवाज आला. घूं बंद झालं.

चिऊच्या हातातला चमचा खाली पडला. तिने मान वळवली, थेट पेटीकडे. बघत राहिली. मग खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि तिने असं भोकाड पसरलं, की गृहस्थ दोन पावलं मागे सरकले.

नंदूचा हात तारांवर तसाच. मला तिला उचलून घ्यायचंही सुचेना.

सासूबाई रिकामा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी चिऊकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता गं काय करू?" त्या म्हणाल्या. "घातलेलं पाणी परत काढू?"