लांडग्यासाठी पिपाणी

आधीच सांगून टाकते, त्या शिकारीला शेवटी आमचा घरमालक एकटाच गेला. पण नव्वदच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात आमच्या कुवेतमधल्या रुमैथियाच्या घरात दुसरा विषय नव्हता. झुरळ दिसलं की मला हाक मारणारा माझा नवरा लांडगा मारायला निघाला होता, आणि तोही सरहद्दीपलीकडे, सौदीत.

कुवेतच्या वाळवंटात युद्धातले सुरुंग अजून सापडत होते, त्यामुळे तिकडे हौसेने कुणी फिरकत नसे. घरमालकाच्या मेव्हण्याच्या मेंढ्या पलीकडे होत्या आणि लांडगे त्यांतली कोकरं पळवत होते. घरमालक खाली राहायचा, आम्ही वरच्या मजल्यावर. लहानपणी वडिलांच्या गलबतावरून तो मुंबईला जाऊन आला होता. तिथे शिकलेलं हिंदी बोलायला मिळावं म्हणून तो रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचा. लांडग्याला मात्र तो आपल्या भाषेत धीबच म्हणायचा. नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर. बसमधून उतरून तोंड धुतो न धुतो तोच जिन्यातून आवाज यायचा, "भाई, व्हिसा का क्या हुआ?"

व्हिसाचं काम सोपं नव्हतं. पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात, तो सोडवायला अर्ज. रजेवर साहेबाची सही. सौदीचा शिक्का मिळवायला घरमालकाचा वास्ता, म्हणजे आपल्याकडचा वशिला. जीपचे टायर बदलायला दोघं सुट्टीच्या दिवशी राई नावाच्या भागातल्या गॅरेजांमध्ये जाऊन बसायचे. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असायचा आणि मी त्यावरच ताटं आपटायची. "लांडगा सरळ येत नाही, वास घेत फेरा मारून येतो," नवरा पोळी मोडता मोडता सांगायचा. मी म्हणायची, "भाजी घे."

मला लांडग्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला नवऱ्याच्या तोंडून दुसरंच काही ऐकायचं होतं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास आम्हाला मुलगी झाली होती. फार लवकर झाली. ऑपरेशननंतर मला ताप चढला, तो उतरेचना. मी एका वॉर्डात आणि ती वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. मला एकदाच चाकाच्या खुर्चीतून नेऊन दाखवली, तेव्हा ती झोपली होती. नवरा मात्र दोन्ही मजल्यांवर चकरा मारत होता. माझा ताप उतरला तोवर ती गेली होती. तिला पुरायला तो आणि घरमालक, दोघंच गेले.

घरी आल्यावर मी त्याला विचारत राहिले. डोळे उघडायची का? तुझं बोट धरायची का? रडायची का? मी माझ्या मुलीला रडताना कधी ऐकलंच नव्हतं. माझ्याच पोटात वाढलेल्या पोरीचा आवाज मला माहीत नव्हता, आणि ज्याला माहीत होता तो माणूस समोर बसून म्हणायचा, "आता कशाला तो विषय?" एकदा मी फार मागे लागले तर चपला घालून घराबाहेर निघून गेला. मग मीही तोंड मिटलं. आईला फोनवर मात्र सांगितलं, हा माणूस नाही, दगड आहे.

घरमालकाने शिकारीचं काढलं ते त्यानंतरच. आज वाटतं, माती लोटताना त्याने नवऱ्याचा चेहरा पाहिला असावा आणि याला कुठेतरी लांब न्यायला हवं असं त्याच्या मनाने घेतलं असावं. तेव्हा मात्र मला दोघांचाही संताप यायचा. माझ्याशी चार शब्द न बोलणारा माणूस लांडग्यांवर तासन्‌तास बोलत होता.

परक्या देशाच्या माणसाच्या हातात बंदूक द्यायची सोय नव्हती. मग याला नेऊन करायचं काय? तर याने फुंकायचं. घरमालकाने कुणाकरवी तरी अमेरिकेहून बोटाएवढी एक लाकडी नळी मागवली होती. तिकडे म्हणे लोक ती खिशात घालून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कायोटी मारायला जातात. कायोटी म्हणजे कोल्ह्याहून मोठं आणि लांडग्याहून लहान असं तिकडचं जनावर. घरमालकाला दमा, त्याला काही ती वाजवता येईना. नवरा बासरी वाजवायचा. आम्ही एकाच कॉलेजातले, त्या बासरीवरच मी भाळले होते. "तुम सिर्फ फूंको, बंदूक हम देखेगा," घरमालक म्हणाला आणि ठरलं. नवऱ्याने ती नळी टेबलावर ठेवली तेव्हा मी सहज विचारलं, "ही पिपाणी कुणासाठी आणलीस?" विचारलं आणि त्याने ती उचलून खिशात घातली.

पुढच्या शुक्रवारी राईला जायचं नव्हतं. दुपारी मी भरताचं वांगं गॅसवर भाजत होते. आणि बाळ रडलं.

आसपास कुणाकडे तान्हं बाळ नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी छातीत दूध दाटल्यासारखं झालं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते केव्हाच आटलं होतं. वांगं तसंच टाकून मी धावत जिना चढले. गच्चीवर नवरा पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता आणि ती नळी फुंकत होता.

मी जी ओरडले! "लाज नाही वाटत? याच घरात बसून हे वाजवतोस? माझ्या डोक्यावर?"

"सशाचा आवाज आहे," तो म्हणाला. "जखमी ससा असा ओरडतो. तो ऐकून लांडगा येतो."

मी नळी हिसकावून घ्यायला पुढे झाले, तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला. डोळे लाल झाले होते, शर्टाची कॉलर भिजली होती.

"रोज वाजवतोस?" मी विचारलं.

"तू बाजारात गेलीस की. आज आवाज खाली येईल असं वाटलं नव्हतं."

"शिकारीसाठी?"

त्याने मान हलवून नाही म्हटलं. "ती अशी रडायची," तो म्हणाला.

मी त्याच्याजवळ खाली बसले. इतके दिवस सांभाळलेला राग कुठे गेला कोण जाणे, फक्त भीती वाटत होती की हा पुन्हा गप्प होईल.

"अशीच?"

"नाही. याहून बारीक. जोर नव्हता गं तिला. जरा रडायची, मग थांबून दम खायची, मग पुन्हा." तो नळीकडे बघत बोलत होता. "मला विसरायला होईल, म्हणून वाजवतो."

"मला वाजवून दाखव."

"नको. तुला सोसायचं नाही."

"अरे, मी ऐकलेलंच नाही," मी म्हटलं. "एकदासुद्धा नाही."

त्याने नळीचं तोंड दोन बोटांनी झाकलं आणि अगदी हलकेच फुंकर घातली. बारीक, चिरका आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मी डोळे मिटून घेतले. ती माझी मुलगी होती. ती भुकेली होती आणि तिला मी हवी होते.

खाली अंगणात घरमालक नमाजाहून परतला होता. तो वर बघून खुशीत ओरडला, "शाबाश भाई! एकदम सही! अब धीब जरूर आएगा!"

नवऱ्याने नळी खाली घेतली. मी त्याचा हात धरून परत त्याच्या तोंडाशी नेला.

"थांबू नकोस," मी म्हटलं.