नरी अण्णांची किल्ली

अण्णांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि बंगळूरच्या त्या टोकाला जखमी कोल्हा, साप, घार, काहीही सापडलं की लोक ते उचलून आणायचे ते याच माणसाच्या दारात. जनावर समोर आलं की आधी त्यांच्या कपाळाला घाम फुटायचा, मग हात थरथरायला लागायचे. एकदा आमच्या न्हाणीघरात पाणी तापवायच्या हंड्यामागे धामण शिरली. मी लेकीला, सुमीला, काखोटीला मारून अंगणात ओरडत उभी. अण्णा आले, आत डोकावले, आणि तसेच मागे येऊन पायरीवर मटकन बसले. मला वाटलं यांना चक्कर आली. तर म्हणतात कसे, "थांब तंगी, स्वल्प भिऊन घेतो." डोळे मिटून दोन-तीन मिनिटं बसले. मग उठले, आत गेले आणि धामण पोत्यात घालून बाहेर आले. पोत्याचं तोंड बांधताना बोटं इतकी कापत होती की सुतळीची गाठ शेवटी मलाच मारावी लागली. पोतं वळवळत होतं. माझी दातखीळ बसायची तेवढी राहिली होती.

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. लग्न होऊन मी बेळगावहून आले ते छप्पन-सत्तावन्नच्या सुमाराला. 'हे' एका कारखान्याच्या कचेरीत होते. बसवनगुडीच्या पलीकडे, बनशंकरीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर अण्णांच्या जागेत आम्हांला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. तिथून पुढे नाचणीची शेतं, झुडपं आणि हत्तीएवढाले खडक. अण्णा गुरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपौंडर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठीच, पण जेवणाला ऊट म्हणत, आणि काहीही पटलं की 'सरी, सरी'. कोल्ह्याची पिल्लं वाढवून रानात सोडायचे म्हणून गावानं त्यांचं नाव पाडलं होतं नरी अण्णा. नरी म्हणजे कोल्हा.

मागच्या अंगणात पत्र्याची लांबट शेड होती. पुढे गज, आत तीन खण. त्या शेडच्या बाजूला मी सहसा फिरकत नसे. सुमी नुकती दुडुदुडु चालायला लागलेली, तिला मात्र तिकडेच ओढ. मी दिवसातून दहा वेळा धावत जाऊन तिला उचलून आणायची.

अण्णा कुठल्याही जनावराला नाव ठेवत नसत. ओळखीपुरतं 'डाव्या पायाचा' किंवा 'गळू झालेली' एवढंच. मी एकदा एका कोल्ह्याच्या पिल्लाला राजा म्हटलं तर माझ्यावर डोळे वटारले. "नाव ठेवलं की ते आपलं होतं. मग दार उघडताना हात मागे येतो."

बाजारात एक भविष्य सांगणारा काडुपाप घेऊन बसायचा. काडुपाप म्हणजे रानातलं बाळ, झाडावर राहणारा माकडासारखा इवलासा प्राणी. वीतभर अंग, काटक्यांसारखे हातपाय आणि चेहरा सगळा डोळ्यांनीच भरलेला. त्याच्या डोळ्यांपासून औषध करतात अशी लोकांची समजूत. अण्णांनी स्वतःचं मनगटी घड्याळ काढून त्या भविष्यवाल्याला दिलं आणि तो प्राणी घरी आणला. सुमीनं हात पुढे केला, त्या प्राण्यानं अंग चोरलं, आणि मी हसले. अण्णा हसले नाहीत. सुमीचा हात हळूच बाजूला करून म्हणाले, "ते भितंय ते राहू दे. माणसाला भ्यायलं तरच जगेल." पंधरा-वीस दिवसांनी त्याला खडकांपलीकडच्या झाडीत सोडून आले. वेळ विचारायची झाली की मग आमच्याकडे यायचे.

मी एकदा विचारलं, "एवढी भीती वाटते तर करता कशाला हे?"

"भीती वाटते म्हणून हात जपून जातो," ते म्हणाले. "वाटायची नाही त्या दिवशी चावा बसेल."

तो दिवस आलाच. एका शेतकऱ्यानं पोत्यातून कोल्हा आणला. बांधावर पडून होता, पळालाही नाही म्हणे. पोतं उघडलं तरी तो उठेना. मान टाकून गरीब गाईसारखा बघत राहिला. अण्णांना घाम आला नाही, हात कापले नाहीत. "थकलाय बिचारा," म्हणत त्यांनी त्याच्या तोंडाची लाळ पुसायला फडकं पुढे केलं, आणि त्यानं त्यांचं मनगट धरलं. सुटता सुटेना. मी दारातून बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्या कोल्ह्यासमोर पाण्याचं ताट सरकवलं तर त्याच्या गळ्याला झटके यायला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो मेला. अण्णांनी त्याला खोल खड्ड्यात पुरलं, शेड फिनेलनं धुतली आणि आमच्या दाराशी येऊन उभे राहिले. उंबऱ्याच्या बाहेरच. मनगटाला पट्टी होती.

"पिसाळलेला होता," ते म्हणाले. "पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची आहेत. चाव्याच्या दिवशीच सुरू केलीत. लागू पडली तर पडली. नाही पडली तर काय होतं ते तू पाहिलंस."

मी सुमीला घट्ट धरलं. त्यांनी ते पाहिलं.

"म्हणूनच आलोय. मी आजपासून शेडमध्ये राहणार. सकाळी सुई घ्यायला जाईन तेवढाच बाहेर. परत आलो की बाहेरून कुलूप घालायचं. किल्ली तुझ्याकडे."

"माझ्याकडे? यांच्याकडे द्या. ते पुरुषमाणूस..."

"नको. ते धीट आहेत. मी आतून रडलो, भेकलो, तर त्यांना दया येईल, ते दार उघडतील. तू भित्री आहेस. तू नाही उघडणार."

ते टोचून बोलले नव्हते. किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरले. मी ती पदराच्या टोकाला गाठीत बांधली. पुढे कित्येक दिवस ती गाठ मी झोपेतही चाचपत असे.

'हे' म्हणाले, आपण दुसरी जागा बघू. मीही हो म्हटलं. मग अण्णांना भात कोण देणार, हा प्रश्न आला, आणि जागा बघणं राहून गेलं. रोज सकाळी 'हे' कचेरीला जायच्या आधी अण्णांना दवाखान्यात नेऊन आणायचे. अण्णा वाटेत चार हात लांबून चालायचे. परत आले की स्वतःच आत जाऊन गजांचं दार ओढून घ्यायचे आणि मला हाक मारायचे. मी कुलूप घालायची. मी घाई केली की आतून म्हणायचे, "सावकाश. नीट बसलं का बघ. ओढून बघ." मी ओढून बघायची.

सुमीला मी घरात कडी घालून ठेवायची. जेवणाचं ताट गजांखालून काठीनं आत सरकवायची. ताट आत गेलं की माझं लक्ष फक्त तांब्याकडे. ते पाणी प्यायले की माझा जीव भांड्यात पडायचा. तेही हे ओळखून होते. मी दिसले की दोन घोट माझ्यादेखत प्यायचे.

सुयांच्या अकराव्या दिवशी 'हे' कामावर गेल्यावर दुपारी शेडमधून हाक आली. आवाज ओळखू येईना. मी गेले. अण्णा गजांना धरून बसले होते. डोळे लाल, अंगाला थरकाप.

"तंगी, दार उघड."

"काय होतंय अण्णा?"

"अंग पेटलंय. पत्रा तापलाय, श्वास घेववत नाही. मला अंगणात झाडाखाली पडू दे. कुणाला हात लावणार नाही."

सकाळी ठेवलेला तांब्या गजांपाशी होता. काठोकाठ भरलेला.

"पाणी प्यायला नाहीत?"

"तहान नाही." त्यांचे ओठ वाळून भेगाळले होते.

मग माझ्या लक्षात आलं. पाणी घशाखाली उतरत नव्हतं असं नाही. त्यांनी तांब्या उचललाच नव्हता. उचलला आणि घोट अडकला तर सगळं कळणार होतं, आणि ते कळून घ्यायचा त्यांना धीर होत नव्हता. ही एक भीती त्यांना भिऊन संपवता येत नव्हती.

"आधी पाणी प्या," मी म्हटलं.

"उघड गं. तुझ्या पाया पडतो." त्यांनी खरोखरच हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचे ते. "त्या कोल्ह्यासारखं मला इथं मारू नको."

किल्ली माझ्या मुठीत होती. घरात सुमी रडत होती. मला तिथून पळून जायचं होतं, आणि दारही उघडायचं होतं.

"पाणी प्या अण्णा," मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मी रडत होते, आणि ओरडत होते.

त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला. हात इतके हलत होते की अर्धं पाणी छातीवर सांडलं. तोंड फिरवून, डोळे गच्च मिटून त्यांनी तो ओठांना लावला, आणि जोराचा ठसका लागला. संपलं सगळं, मी मनात म्हटलं. मी मातीतच बसले. त्यांनी तांब्या पुन्हा उचलला. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. घटाघटा सगळं पाणी संपवून त्यांनी तांब्या उपडा करून मला दाखवला.

"आणखी आण," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

मी पाणी आणलं. गजांखालून आत सरकवलं. दार मात्र उघडलं नाही. त्यांनी पुन्हा दोनदा दार उघडायला विनवलं, तरी नाही. मी शेडच्या तापल्या पत्र्यावर पाण्याच्या बादल्या ओतत राहिले, 'हे' येईपर्यंत. संध्याकाळी डॉक्टर आले. इंजेक्शनांचाच ताप होता. तीन दिवसांनी उतरला. उरलेल्या सुया पुऱ्या झाल्या, तरी अण्णा पुढे महिनाभर शेडमध्येच राहिले. शेवटी डॉक्टर रागावले तेव्हा बाहेर आले, दाढी केली, शेडला चुना लावला. आठवड्याभरात कुणीतरी पंख तुटलेली घार घेऊन दारात उभं होतं.

त्या दुपारबद्दल आम्ही दोघंही बंगळूर सोडायच्या दिवसापर्यंत बोललो नाही. मला त्यांच्या डोळ्याला डोळा देववत नसे. हात जोडलेले अण्णा मला स्वप्नात दिसत, आणि स्वप्नातसुद्धा मी दार उघडत नसे.

अण्णा गेल्याचं मला फार उशिरा कळलं. वयोमानानं गेले, शेडमध्ये तेव्हा एक घुबड होतं, ते सोडून दिलं, एवढं त्यांच्या पुतण्यानं कार्डावर लिहिलं होतं. कार्ड वाचून मला आठवली ती आम्ही बंगळूर सोडलं ती सकाळ. यांची हुबळीला बदली झाली होती. सामान पुढे गेलं होतं, दाराशी टांग्यासारखा जटका उभा होता. अण्णा बाहेर आले आणि घोड्यापासून जरा अंतर ठेवून माझ्या बाजूला उभे राहिले.

"त्या दुपारी मी सोंग करत नव्हतो, तंगी," ते एकदम म्हणाले. "मला खरंच बाहेर यायचं होतं."

"माहीत होतं मला."

"पाणी प्यायलो, तरी तू उघडलं नाहीस."

माझ्याच्यानं मान वर करवेना. "मला फार भीती वाटत होती, अण्णा."

"सरी," ते म्हणाले. जटकेवाला खोळंबला होता.

"त्या शेडमध्ये मी दीड महिना राहिलो. तेवढी गाढ झोप मला जन्मात लागली नाही. आपल्या हातून कुणाला काही होणार नाही, याची खात्री होती. एवढंच तुला सांगायचं राहिलं होतं."