कोपरापर्यंतची बाही

बाईच्या दंडाबद्दल आपल्याला सगळं कळतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मी ब्लाउज शिवते. नाशिकच्या कडेला, जिथे शहर संपतं आणि आमच्या झेंडूचे वाफे सुरू होतात, तिथे घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. बाकीचे टेलर दंडाचा घेर एका जागी मोजतात, मी तीन जागी मोजते: काखेखाली, मध्यावर आणि कोपराच्या दोन बोटं वर. दंड काही पाइपासारखा गोल नसतो. दिवसभर फुलांच्या क्रेट उचलणारीचा दंड पुढून टणक असतो, टेबलाशी बसणारीचा मागून लोंबतो, आणि जवळजवळ प्रत्येकीचा उजवा डाव्यापेक्षा जाड निघतो. हात सरळ सोडला की बाही छान बसते आणि कोपर वाकवलं की काचते, कारण पुढचा स्नायू गोळा होऊन वर येतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी स्वतःच्या खांद्याला हात लावायला सांगते आणि मग टेप गुंडाळते. माझ्या बाहीला सुरकुती पडत नाही, असं गावातल्या बायका म्हणतात. अजूनही म्हणतात, आणि ते ऐकून माझ्या अंगावर काटा येतो.

कातडीच्या आत काय चालतं ते मला आईच्या डाव्या हातामुळे कळलं. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा शहरातल्या एका दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. त्या यंत्राला रक्त भरभरून लागतं, साध्या शिरेतून तेवढं येत नाही. म्हणून धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. त्या जोडाला फिस्टुला म्हणतात. पहिला जोड मनगटावर केला, तो दीड महिन्यात बंद पडला. दुसरा कोपरावर करायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर हाताचं चित्र काढून मला समजावलं. दंडाला हाड एकच, कोपराखाली दोन. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी धमनी उतरते आणि कोपराच्या पुढच्या खळग्यात येते. बीपी मोजताना डॉक्टर नळी टेकवतात ती हीच जागा. दंडाच्या बाहेरच्या बाजूने, कातडीलगत, एक शीर वर खांद्याकडे जाते. खळग्यात त्या दोघींची गाठ घालून द्यायची. मग धमनीतलं जोराचं रक्त शिरेत घुसतं, दोन-तीन महिन्यांत शीर करंगळीएवढी जाड होते आणि सुया टोचायला तयार होते. हा जोड जपा, डॉक्टर म्हणाले, उजव्या हातातल्या शिरा फार बारीक आहेत.

"आता हा हात तुमचा नाही मावशी, मशीनचा आहे," सिस्टरांनी आईला बजावलं. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, त्यावर बीपीचा पट्टा कुणाला बांधू द्यायचा नाही. घट्ट बांगडी नाही, घट्ट बाही नाही. रोज सकाळी खळग्यावर बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं. ती लागली म्हणजे रक्त वाहतंय. आई त्याला भुंगा म्हणायची. चहा टाकायच्या आधी मी तिच्या कोपरावर बोटं ठेवायचे, आणि कुशीतलं मांजर गुरगुरावं तसं काहीतरी बोटांना लागायचं.

"हाय ना?" ती विचारायची.

"आहे," मी म्हणायचे, आणि आमचा दिवस सुरू व्हायचा.

शीर मात्र दिसायला भयंकर झाली. कोपरापासून दंडावर चढत गेलेला वाकडातिकडा उंचवटा आणि त्यावर सुयांचे काळे डाग. आई देखणी बाई. फुलबाजारात बायका आधी तिचं नेसणं बघायच्या, मग फुलं. आता दंडाकडे बघायला लागल्या. लहान मुलं तर सरळ बोट दाखवून विचारायची. मी तिला ढगळ बाहीचे, कडेला बटणं असलेले ब्लाउज शिवून दिले होते, डायलिसिसच्या वेळी उघडायला सोपे. ती बाही तिच्या दंडावर पिशवीसारखी लोंबायची आणि मला लाज वाटायची. आईच्या आजाराची नाही, तिच्या अंगावरच्या माझ्या बेढब शिवणीची. हे लिहायला नको वाटतं, पण खरं आहे ते आहे.

अशात दादाचं लग्न जमलं. मुलगी सायखेड्याची, तिच्या घरीही शेतीच. एका दुपारी आई माझ्या मशीनजवळ येऊन बसली.

"लग्नातल्या बिलाऊजला कोपरापर्यंत बाही शिव," ती म्हणाली. "आन् अंगाबरोबर शिव. ढगळ बाहीत लोकं वाकून वाकून बघत्यात."

"सिस्टर काय म्हणाल्या होत्या?"

"एका दिवसानं काय व्हतंय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी ते एकदाच आणि तोंडदेखलं म्हटलं, आणि लगेच टेप उचलला. माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. दोन्हीकडचं अख्खं गणगोत येणार, वरमाईचा ब्लाउज सगळ्या बायका निरखून बघणार. त्या बाहीवर मला गिऱ्हाइकं मिळवायची होती.

माप मी ती डायलिसिसहून आल्यावर, संध्याकाळी घेतलं. यंत्र अंगात साठलेलं पाणी काढून घेतं, त्यामुळे त्या संध्याकाळी आईचे हातपाय सगळ्यांत सडपातळ असायचे. दोन दिवसांत पाणी पुन्हा चढायचं, पाय सुजायचे, चप्पल होत नसे. हे मी दर आठवड्याला बघत होते. पोटुशी बाई आली तर माप कधी घ्यावं आणि शिवणीत किती कापड सोडावं हे मला झोपेतही सांगता येईल. स्वतःच्या आईचं कळलं नाही. त्यात हळद आली, घर पाहुण्यांनी भरलं, म्हणून लग्नाआधीचं डायलिसिस आम्ही एक दिवस पुढे ढकललं.

लग्नाच्या दिवशी सकाळी बाही चढवताना ओढावी लागली. पण चढली, आणि तिला एक सुरकुती नव्हती. शिरेचा उंचवटा जरीच्या बुट्ट्यांखाली कुठल्या कुठे दडला. आईने आरशासमोर हात वळवून वळवून पाहिला आणि हसली. कित्येक महिन्यांनी ती अशी आरशात बघत होती.

जेवणं चालू असताना तिने मला खुणेने बोलावलं. "दंड लय भरून आलाय गं. बोटं बधिर झाल्यावानी वाटत्यात."

"फोटो होऊ दे, मग काढू," मी म्हणाले. "तासा-दोन तासांचा तर प्रश्न आहे."

तेव्हा माझ्याभोवती तीन बायका उभ्या होत्या. त्या मला बाहीचंच विचारत होत्या.

दिवेलागणीला आम्ही नवरीला घेऊन घरी आलो. वहिनीने उंबरठ्यावरचं माप ओलांडलं, बायकांनी नाव घ्यायला लावलं, हसणं-खिदळणं चाललं होतं. मी आईला आतल्या खोलीत नेलं. बाही निघेना. शेवटी मी कात्रीने शिवण उसवली. दंडाला सगळीकडून शिवणीचा लाल वळ उठला होता. मी खळग्यावर बोटं ठेवली. काही लागलं नाही. बोटं बदलली, दुसरा हात लावला, कान टेकवला. बाहेर कुणीतरी वहिनीला पुन्हा नाव घ्यायचा आग्रह करत होतं.

"हाय ना?" आईने विचारलं.

दवाखान्यात सांगितलं, शिरेत गुठळी झाली. ती काढायचा प्रयत्न झाला. एक दिवस रक्त वाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. डॉक्टरांनी विचारलं, "दंडाला काही घट्ट बांधलं होतं का?" मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, "नाय. लग्नाच्या दगदगीनं डोळा लागला, हात अंगाखाली गेला व्हता." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. परतताना रिक्षात ती मला हळूच म्हणाली, "तू कुठं बोलू नको. आईचा हात पोरीनं घालवला म्हणत्याल. तुला या शिवणीवर जन्म काढायचाय."

मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही किळस येते.

उजव्या हातावर जोड करून पाहिला, पण शीर जाड झालीच नाही. मग मानेतून नळी घातली. ती आईच्या गळ्याशी पट्टीखाली कायमची लोंबत राहिली. आंघोळीचं पाणी तिथे जाऊ द्यायचं नाही, नाहीतर जंतू सरळ रक्तात. आणि इकडे आमच्या आत्याने, म्हणजे वडिलांच्या बहिणीने, शेजारच्या तिच्या घरातून बोलायला सुरुवात केली. "नवरी उंबऱ्यात आली आन् त्याच घटकेला हात बंद पडला. पांढऱ्या पायाची हाय." बघता बघता ते आळीभर झालं. हळदीकुंकवाला वहिनीला बोलावणं येईना. दसऱ्याच्या झेंडूचा पहिला तोडा होता, तेव्हा आत्याने तिला वाफ्यात उतरू दिलं नाही. आई म्हणायची, "असं बोलू नये बाई," पण का बोलू नये ते सांगायची नाही. मला वाचवायला तिने सुनेला पुढे केलं, असं मला वाटतं. या गोष्टीचा मला तिचा राग आहे, आणि तो राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

आईला डायलिसिसला कोण नेत होतं? वहिनीच. दादा पहाटेच बाजारात जायचा, आणि मी ऑर्डरींचं निमित्त सांगायचे. खरं तर मला आईच्या शेजारी रिक्षात बसवत नव्हतं. वहिनी आंघोळीच्या वेळी आईच्या गळ्याभोवती प्लास्टिकची पिशवी इतक्या निगुतीने बांधायची की एक थेंब आत जात नसे. अंगणात कुणी नुसतं "बाही" म्हटलं तरी माझे हात थांबायचे. चोराच्या मनात चांदणं. उद्या सांगू, सणानंतर सांगू, आईला जरा बरं वाटलं की सांगू, असं करत दीड वर्ष गेलं. दोनदा थंडी वाजून ताप आला, उतरला. तिसऱ्यांदा आला तो उतरला नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या शेजारच्या दोन बायकांना घेऊन पुढच्या खोलीत बसली होती. माझं मशीन चादरीने झाकलेलं होतं. "चांगली हिंडती-फिरती बाई व्हती माझी भावजय," आत्या सांगत होती. "सून आली आन् तिला खाल्ली." मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी चहा गाळत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. मी दार लोटून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. माप कधी घेतलं, बाही कशी चढवली, आई काय म्हणाली, मी काय म्हणाले, शिवण कधी उसवली, सगळं. सांगताना मी रडायला लागले. तिने मला जवळ घ्यावं अशी माझी अपेक्षा होती, हेही सांगते.

तिने गाळणी बाजूला ठेवली. "मला कशाला सांगता ताई?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी काही केलं नाही, हे मला पहिल्या दिवसापासनं माहीत आहे. त्यांना सांगा."

मी बाहेर गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं. आत्या माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"हिनं पढवलं तुला," ती म्हणाली. "आई जाऊन चौदा दिस झाले नाय, आन् पोरीच्या तोंडून असलं वदवून घेतलं. बघा गं, सासू खाल्ली, आता नणंद फितवली."

"नाही आत्या, मीच शिवली, मीच..." मी ओरडले. मी जितकी शपथेवर सांगत गेले तितक्या त्या बायका माझ्याकडे कीव येऊन बघत गेल्या. एकीने मला ओढून जवळ बसवलं आणि पाठीवरून हात फिरवला. दुःखानं असं होतं पोरी, ती म्हणाली, आईच्या माघारी सगळ्या लेकींना वाटतं की आपलंच चुकलं. दीड वर्षापूर्वी, डॉक्टरांसमोर, एका वाक्यात सांगून झालं असतं ते आता कुणीच खरं मानायला तयार नव्हतं.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली. दोघींनी खाली बघत कप उचलले. आत्याने पदर आवरून गुडघे जवळ घेतले, तिचा स्पर्श नको म्हणून, आणि मला म्हणाली, "तू दे गं मला तुझ्या हातानं." वहिनी ट्रे धरून तशीच उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

मी कप उचलून आत्याच्या हातात दिला.